पूजलेलं स्टूल

मी काम करते त्या दुकानात नवी मुलगी लागली की पहिल्या आठवड्यातच तिला एक गोष्ट सांगितली जाते. आपल्या मजल्यावर स्टुलं कशी आली, ही ती गोष्ट. तिची नायिका ब्लाउजपीसवाली. ती सोफ्यावर कशी बसली, अधिकारी बाईंना काय म्हणाली, शेठचा चेहरा कसा पडला, हे सगळं हातवारे करून सांगतात. अर्ज कोणी केला होता हे विचारायचं कोणाला सुचत नाही आणि सांगायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. अर्ज मी केला होता. हे मी इथे आधीच सांगून टाकते. शेवटापर्यंत राखून ठेवलं तर तिथेही तीच मध्ये येईल.

दुकान बोरिवली पश्चिमेला, साड्यांचं, दुमजली. खाली पांढऱ्या गाद्या आहेत. तिथे पुरुष मांडी ठोकून बसतात आणि बसल्या जागेवरून साडी अशी फेकतात की ती गिऱ्हाइकाच्या पुढ्यात उलगडूनच पडते. वरचा मजला शेठने नवा करून घेतला तेव्हा गाद्या काढून टाकल्या, काचेची काउंटरं लावली आणि आम्हा सहा बायकांना तिथे उभं केलं. उभं केलं म्हणजे खरोखरच उभं केलं. बसायला काही नाही. काउंटरला टेकायचं नाही, मागच्या कपाटाला पाठ लावायची नाही. उभी बाई चटपटीत दिसते, बसलेली बाई घरातली वाटते, असं शेठचं मत. कॅमेरे होतेच. कोणी जरा टेकलं की खालून फोन वाजायचा, आणि तो उचलायच्या आत ती बाई सरळ झालेली असायची.

आणि याच मजल्यावर, आमच्या डोळ्यांसमोर, एक लांबलचक सोफा होता. तो नवऱ्यांसाठी. बायको साड्या बघत असताना नवरा कंटाळतो, 'चल ना आता' करतो आणि गिऱ्हाईक तुटतं, म्हणून शेठने नवऱ्यांसाठी मऊ सोफा आणि थंड ताक ठेवलं होतं. दुपारी त्यातले दोघं-तिघं तोंड उघडं टाकून झोपलेले असायचे. आम्ही सकाळपासून उभ्या. झोपलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला लग्नाला एवढी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं.

माझं काउंटर काठपदराच्या साड्यांचं. तिथे माझ्याइतकं जुनं कोणी नाही. साडी खांद्यावर टाकून पदर दाखवायचा, निऱ्या धरून काठ दाखवायचा, नको म्हटलं की घडी घालायची, आणि हे सगळं करताना चेहरा हसरा ठेवायचा. चेहरा मी ठेवायचे. पण पोटऱ्यांवर निळ्या शिरा वर यायला लागल्या, संध्याकाळी चपलेत पाय जाईना. आमच्या दहिसरच्या डॉक्टरांनी पाय बघून विचारलं, काम काय करता. सांगितल्यावर म्हणाले, एक तर बसायची सोय करून घ्या, नाही तर काम सोडा. सोडणं परवडणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला सोडायचंही नव्हतं. काठपदर मला येतं. दुसरं काही येत नाही.

आता तिच्याबद्दल.

ती माझ्यानंतर पुष्कळ वर्षांनी लागली. ब्लाउजपीसचं काउंटर म्हणजे दुकानातलं सगळ्यात साधं काउंटर. साडी घेऊन झाली की लोक जाता जाता तिथे थांबतात. पण हिच्याकडे गिऱ्हाईक रेंगाळायचं. दुकानातल्या दिव्यांत रंग खोटा दिसतो, म्हणून ती साडी उचलून थेट खिडकीशी न्यायची, उजेडात धरायची आणि अगदी जुळता पीस काढून द्यायची. बायका खूष. तासभर माझं डोकं खाऊन साडी घेतलेल्या बायका जाताना थँक्यू तिला म्हणायच्या. डबा खातानाही तेच. मी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालून वांग्याची भाजी आणायचे, पहाटे उठून केलेली. ती भेंडी आणायची, नुसती भेंडी. तिची भेंडी आधी संपायची. पहिल्या आठवड्यात ती मला 'ताई, तुम्ही' म्हणायची, दुसऱ्या आठवड्यात 'ताई, तू' झालं, आणि मला राग यायच्या आत त्याची सवयही झाली. संध्याकाळी तिचा नवरा तिला न्यायला स्कूटर घेऊन खाली उभा. माझ्या नवऱ्याला माझं दुकान नक्की कोणत्या गल्लीत आहे ते अजून विचारावं लागतं. मी जळायचे. त्याला दुसरा शब्द नाही आणि मी शोधतही नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत. मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, तिथे युनियनचं काम केलेलं. गिरणी गेली, चाळीचा टॉवर झाला, पण काकांकडे अर्ज लिहून घ्यायला माणसं अजून येतात. मी त्यांना म्हटलं, नाव न घालता अर्ज केला तर चालेल का. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गो बाय, नाव नसलेलो अर्ज म्हणजे तोंड नसलेलो माणूस. तेका कोण इचारता?"

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक तिथे द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

अर्ज मी चार पानी लिहिला. शाळेत माझे निबंध बाई वर्गात वाचून दाखवायच्या, ते एवढ्या वर्षांनी कुठे तरी उपयोगी पडत होतं. 'दीर्घकाळ उभे राहण्यास भाग पाडले जाते' हे वाक्य माझं. 'पायांच्या विकारांना निमंत्रण मिळते' हेही माझंच. काका म्हणाले, एवढं कशाला, दोन ओळीत भागेल. मी ऐकलं नाही. खाली पहिली सही माझी. बाकीच्यांच्या सह्या डब्याच्या वेळी घेतल्या. चौघींनी केल्या, कुरकुरत का होईना, पण केल्या. ब्लाउजपीसवालीने अर्ज हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, घरी विचारून उद्या करते. तो उद्या काही उजाडला नाही. अर्जावर तिची सही नव्हती, आजही नाही. ही गोष्ट नव्या मुलींना कोणी सांगत नाही.

रजा टाकून मी कामगार खात्याच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, पगार अडकलाय का. नाही. कामावरून काढलंय का. नाही. मग तक्रार कसली? मी म्हटलं, बसायला मिळत नाही. त्यांनी मागे वळून शिपायाला हाक मारली आणि यांना खुर्ची दे म्हणून सांगितलं. तो बिचारा लगेच घेऊन आला. तक्रार इथली नाही, दुकानातली आहे, हे मी समजावून सांगितलं, पण आलेली खुर्ची सोडली नाही. पोच मी बसून घेतली.

त्यानंतर बरेच दिवस काहीच हललं नाही. काका म्हणायचे, सरकारी कागद मुरायला वेळ लागतो. मग एकदा शेठला तिकडून नोटीस आली आणि त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. पहिली सही माझीच, शोधाशोध करायची गरज नव्हती. तो ओरडला नाही. घरातली गोष्ट घरात सांगायची होती, एवढंच म्हणाला. गेल्या दिवाळीत सांगितली होती, याची मी त्याला आठवण करून दिली. तेव्हापासून तो मला मॅडम म्हणायला लागला. त्या दिवशी मला दारापर्यंत सोडायला आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "एकदा तुमचा अर्ज निकाली निघू दे मॅडम, मग तुम्ही घरीच आराम करा. पाय दुखतात ना तुमचे."

यातलं काय समजायचं ते मी समजले. अर्जातून काही निघालं नाही, तर मी गेले. घरी मी हे कोणाला सांगितलं नाही, काकांना तेवढं सांगितलं.

मग चौकशीला अधिकारी बाई आल्या. वय माझ्या भाचीएवढं असेल. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात हेल्मेट. शेठने ताक मागवलं, त्यांनी नको म्हटलं, तेव्हा मला जरा आशा वाटली. पण पुढचं सगळं शेठच्या मनासारखं चाललं होतं. त्याने आम्हाला ओळीत उभं केलं आणि स्वतः शेजारी हसत उभा राहिला. ही आमची फॅमिलीच आहे मॅडम, असं म्हणाला. बाई एकेकीला विचारत आल्या, काही त्रास आहे का. पहिली म्हणाली, नाही. दुसरी म्हणाली, तसं काही नाही. दोघींच्याही सह्या होत्या अर्जावर. मालकाच्या डोळ्यांदेखत विचारल्यावर दुसरं काय उत्तर येणार, एवढं या शिकलेल्या बाईला कळू नये का, असं मनात येतंय तोवर माझी पाळी आली. मी किती दिवस तयारी केली होती. आरशासमोर उभं राहूनसुद्धा. मी सुरुवात केली की मॅडम, विषय असा आहे, आम्हाला दीर्घकाळ उभे राहण्यास भाग पाडले जाते, आणि त्याचा परिणाम असा की...

"ते अर्जात आहे. मी वाचलंय," त्या म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

शेवटची पाळी ब्लाउजपीसवालीची. ती ओळीत नव्हतीच. ती नवऱ्यांच्या सोफ्यावर बसली होती. एका झोपलेल्या नवऱ्यापासून हातभर अंतरावर, पदर आवरून, पाय जुळवून, सत्यनारायणाला बसल्यासारखी. त्या सोफ्यावर आमच्यापैकी कोणी कधी बसलं नव्हतं. झाडतानासुद्धा नाही. शेठचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. अधिकारी बाईंनी विचारलं, काय झालं.

"काही नाही मॅडम. पाय दुखले."

"रोज दुखतात?"

"दुखतात रोज. बसले आज."

बाईंनी फाइल उघडली आणि तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. माझी चार पानं आणि हिचे चार शब्द. त्या संध्याकाळी सगळ्या तिच्याभोवती. एक म्हणाली, झकास बोललीस यार, शेठची वाट लागली. वडापाव मागवले गेले. मला कोणी काही विचारलं असेल तर ते हे, की ताई, तुला सुकी चटणी चालेल ना.

पुढे दोन्ही बाजूंना कार्यालयात बोलावलं. मी गेले, सहीवाल्यांपैकी एकजणी सोबत आली. शेठ वकील घेऊन आला होता. अधिकारी बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या बसलेल्या बाई नाही आल्या का. मी म्हटलं, अर्जदार मी आहे. त्या म्हणाल्या, हो हो, बसा. मी बसले, पण त्या बसण्यात काही गोडी राहिली नव्हती. वकिलाचं म्हणणं, जागा लहान, गर्दीत स्टुलं पायात येणार, आणि मुळात या बायकांना सवय आहे उभं राहायची. पुष्कळ ताणाताणी झाल्यावर तडजोड झाली ती अशी. शेठने आधी एक स्टूल ठेवायचं. दिवाळीच्या आधी पाहणी होणार. स्टुलाचा वापर होतोय असं दिसलं तर प्रत्येक काउंटरला एकेक द्यायचं. वापर नाही असं दिसलं तर गरज नाही असं धरून अर्ज निकाली. बाहेर पडताना शेठने मला हात जोडून नमस्कार केला. मी काय ते समजले. माझी नोकरी त्या एका स्टुलावर येऊन बसली होती.

स्टूल आलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. स्टीलचं, गोल, वर लाल रेक्झिन. हमालाने विचारलं कुठे ठेवू, तर चौघींनी एका वेळी ब्लाउजपीसच्या काउंटरकडे बोट दाखवलं. पहिला मान तिचाच, असं फॉल-बिडिंगवाली म्हणाली. ती आमच्यात वयाने सगळ्यात मोठी, तिचा शब्द कोणी मोडत नाही. ब्लाउजपीसवाली नको नको म्हणत होती, पण हसत होती. मी साडीची घडी घालत होते. तीच घडी मोडून पुन्हा घातली, पुन्हा मोडली. कोणी तरी माझं नाव काढेल म्हणून मी कान देऊन होते. कोणी काढलं नाही. उद्या दसरा आहे, उद्याच्या मुहूर्तावर बसेल, असं ठरवून सगळ्या घरी गेल्या.

दसऱ्याला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा होते. खाली गज, कात्र्या, बिलाचं मशीन. वर आमच्या टेपा, इस्त्री, फॉल-बिडिंगचं मशीन. फॉल-बिडिंगवाली तबक घेऊन फिरत होती, ती फिरता फिरता स्टुलापाशी आली आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. नवी वस्तू, झगडून मिळवलेली, त्यात दसरा, वगळणार कशी? झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली. सगळ्यांनी नमस्कार केला, मीही केला. आणि मग एकमेकींकडे बघायला लागलो, की आता याच्यावर बसायचं कसं.

हसाल तुम्ही. पण पूजेच्या वस्तूला चुकून पाय लागला तर आपण हात कपाळाला लावतो, इथे तर बूड टेकायचं होतं. आज राहू दे, उद्या बसू, असं झालं. उद्या हार ताजा होता. परवा कुंकू होतं आणि ते पुसणार कोण, हा प्रश्न होता. ब्लाउजपीसवाली त्याला वळसा घालून जायला लागली. कोणी तरी नवरात्रातली उरलेली उदबत्ती तिथे लावली. शेठला हे कळल्यावर तो दिवसातून एकदा मुद्दाम वर यायचा, स्टुलाला हात जोडायचा आणि माझ्याकडे बघून जायचा. त्याचं काम आम्हीच करून देत होतो.

आणि मला मनातून बरं वाटत होतं. पाय ठणकत होते, दिवाळीची गर्दी सुरू झाली होती, पाहणी कधीही झाली असती, काका रोज जिन्यात अडवून विचारत होते की कोण बसला काय गो. तरीही बरं वाटत होतं, कारण ती बसली नव्हती. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणतात, तसं माझं चाललं होतं, आणि तेही उभ्या उभ्या.

पाहणीला अधिकारी बाई भर गर्दीत आल्या. मी एका नवरीच्या आईला पैठणीचा पदर दाखवत होते. शेठ त्यांना घेऊन सरळ स्टुलापाशी आला. हार वाळून तपकिरी झाला होता, रेक्झिनवर कुंकू सांडलं होतं.

"बघा मॅडम," शेठ म्हणाला. "दिलं तसं आहे. एक दिवस कोणी बसलं नाही, उलट पूजा करतात. गरज असती तर बसल्या असत्या ना?"

बाईंनी आम्हाला विचारलं, खरं आहे का हे. खरंच होतं. फॉल-बिडिंगवालीने मान खाली घातली. बाईंनी एक सुस्कारा सोडला, फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.  माझ्या हातात ती पैठणी होती, आणि एकदम वाटलं की हे आपलं शेवटचंच काउंटर. उद्यापासून दुपारी घरी बसून भाज्या निवडायच्या आणि कोणाला पदर दाखवायचा नाही.

तेवढ्यात ब्लाउजपीसवाली काउंटरमागून बाहेर आली. तिने स्टुलाला नमस्कार केला, हार उतरवून बाजूला ठेवला आणि कुंकू स्वतःच्या पदराने पुसलं. मला वाटलं, आता बसणार. पुन्हा हीच. माझी नोकरी वाचणार होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा. पण ती बसली नाही. तिने ते स्टूल फरशीवरून करकरत ओढलं आणि माझ्या मागे आणून ठेवलं.

"ताई, तू बस. अर्ज तुझा आहे."

यावर मी काय म्हणाले असेन?

"नको गं, तू बस."

आपल्याकडे पहिल्या आग्रहाला कोणी हो म्हणत नाही. चहा असो, लाडू असो, लग्नातली पुढची खुर्ची असो. आधी नको म्हणायचं, समोरच्याने पुन्हा म्हणायचं, मग आढेवेढे घेत हो. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. त्यात तिच्या हातून काही घ्यायचं नव्हतं, हेही होतंच. शेठने दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, बघा मॅडम, आता तर स्वतः नको म्हणतायत.

बाईंचं पेन कागदाला टेकलं. मी ब्लाउजपीसवालीकडे बघत होते, ती दुसऱ्यांदा म्हणेल म्हणून. रीत तशीच आहे. तिने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि पोराला आंघोळीच्या पाटावर बसवतात तसं मला खाली दाबलं.

मी बसले आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. चांगलं मोठ्याने. ठरवून नाही, ठरवलेलं मला कधी जमलंच नव्हतं. पायांतला सगळा ठणका एकदम जागा झाला आणि मग हळूहळू उतरायला लागला, आणि डोळ्यांना पाणी आलं. गिऱ्हाइकं वळून बघत होती. सोफ्यावरचा एक नवरा दचकून उठला. नवरीची आई म्हणाली, बसा हो बाई, बसूनच दाखवा. पैठणी अर्धी उलगडलेली माझ्या मांडीवर पडली होती आणि मला उठता येत नव्हतं.

अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्या चार पानांतली एक ओळ त्यांना उतरवून घ्यावीशी वाटली नव्हती, 'आई गं' मात्र घेतलं. मग शेठकडे वळून म्हणाल्या की प्रत्येक काउंटरला एक, आणि पुढच्या वेळी त्यांच्यावर हार दिसता कामा नये. शेठने मान डोलावली. मला काढायचं त्याच्या मनात राहिलंही असेल. पण आता त्या कार्यालयाची नजर होती, लग्नसराई तोंडावर होती, आणि काठपदर विकायला त्याच्याकडे दुसरं कोणी नव्हतं.

स्टुलं आली. सगळ्या बसायला लागल्या. आणि गोष्ट सांगायलाही लागल्या, की ब्लाउजपीसवालीने ताईला कसं बसवलं. बसले मी, 'आई गं' माझं, शिरा माझ्या, अर्ज माझा, आणि तरी त्या गोष्टीत मी म्हणजे खाली दाबलेली बाई. देणाऱ्याचा हात वर राहतो म्हणतात, तो असा. मी स्टुलावर बसले होते तेव्हाही सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा डबा खाताना मी तिला सरळच विचारलं, सही का नव्हती केलीस. ती म्हणाली, घरी विचारलं होतं, नवऱ्याने नको म्हटलं. त्या स्कूटरवाल्याने. हे ऐकून मला थोडं बरं वाटलं. मग ती म्हणाली, "तुझा अर्ज वाचला ना ताई, त्या दिवशी मला तुझा इतका हेवा वाटला. मला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत." आणि तिची भेंडी माझ्या डब्यात वाढली.

 मी इतकी वर्षं तिच्यावर जळत होते आणि चकार शब्द काढला नव्हता. ती जळली, सांगून मोकळी झाली आणि वर भेंडी दिली. हेवा करण्यातही ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, भेंडी मात्र संपवली. चांगली असते, हे नाकारता येत नाही.

आता माझ्या काउंटरला माझं स्वतःचं स्टूल आहे. दसऱ्याला हळदकुंकू लावतो, पण लावलं की लगेच बसायचं, अशी रीतच करून टाकली आहे, आणि पहिलं बसायचा मान फॉल-बिडिंगवालीला दिला आहे म्हणजे प्रश्न नको. संध्याकाळी माझा पाय चपलेत जातो. डॉक्टर म्हणाले, चालू द्या काम. दुपारी गर्दी ओसरली की मी बसते, आणि बसल्या जागेवरून समोर ती दिसते, कोणाची तरी साडी खिडकीच्या उजेडात धरून उभी. ती बाई तिच्यावर खूष झालेली असते. साडी माझ्याकडून घेतलेली असते. मी जळते. पण आता बसून जळते.